बर्लिनमध्ये सुट्टीच्या दिवशी काय करायचं? नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची चिपळूणची. मधली काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०१६ मध्ये बर्लिनला आले. तेव्हापासून नवी आलेली मुलंमुली, जोडपी आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतात. घर मिळालं, कामाला सुरुवात झाली, आता शनिवार-रविवारचं काय? पत्ता नोंदवणं, बँकेचं खातं, आरोग्य विमा यांची माहिती सगळीकडे मिळते. सुट्टीच्या दिवसाबद्दल फारसं कुणी सांगत नाही, आणि परक्या गावात माणूस खचतो तो बहुतेक वेळा त्याच दिवशी. त्यामुळे हे प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे.

रविवारी सगळी दुकानं बंद का असतात? मग करायचं काय?

रविवारच्या विश्रांतीला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं ते कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं घेतलं आहे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच दूध, भाजी, ब्रेड घरात आणून ठेवायचं. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्थानकातली दुकानं उघडी असतात. बेकऱ्या सकाळी काही तास चालू असतात, आणि कोपऱ्यावरचा 'श्पेटी', म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारी आपल्या टपरीची थोरली बहीण, बहुधा उघडा सापडतो.

पहिले दोन-तीन महिने या रविवारी घर खायला उठतं. पुण्यात रविवार म्हणजे मंडई, दुपारी कुणाकडे तरी जेवण आणि संध्याकाळी चक्कर. इथे रस्ता सुना, वॉशिंग मशीन लावू की नको असा प्रश्न, ड्रिल मशीन तर नाहीच. पण खिडकीतून नीट बघा. लोक घरात बसलेले नसतात. सायकली, बाबागाड्या, कुत्री, सतरंज्या घेऊन सगळे पाण्याकडे आणि झाडांकडे निघालेले असतात. त्यांच्या मागून जायचं, एवढंच सुरुवातीला पुरतं.

एकट्याने फिरायला कसंतरीच वाटतं. लोक काय म्हणतील?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे एकटं माणूस बाकावर बसलेलं दिसलं की कुणीतरी विचारतं, "काय झालं? बरं आहे ना?" इथे एकट्याने बसणं, जेवणं, चालणं ही रोजची बाब आहे. कुणी वळूनही बघत नाही. पहिल्यांदा हे न बघणं टोचतं आणि मग हळूहळू त्याचा आधार वाटायला लागतो.

माझा सल्ला असा, की दर आठवड्याला नवी जागा शोधू नका. एक जागा धरा आणि तिथेच जात राहा. मी पहिल्या वर्षी श्लाख्टनझे हा तलाव धरला. एस-१ लोकलने उतरलं की पाणी दोन मिनिटांवर आहे, आणि तलावाला पूर्ण फेरी साधारण साडेपाच किलोमीटरची पडते. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिथे एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन यायचे. खुर्ची पाण्याकडे तोंड करून मांडायची, थर्मासचं झाकण उलटं करून त्यात कॉफी ओतायची, उरलेली वाफ जाईपर्यंत हातात धरून बसायचं. पाच-सहा आठवडे आम्ही फक्त मान हलवली. सातव्या की आठव्या रविवारी ते म्हणाले, "आज उशीर झाला तुम्हाला." त्या दिवशी घरी येऊन मी आईला फोन केला आणि सांगितलं, की इथे माझी वाट बघणारं कुणीतरी आहे. ओळख या शहरात अशी होते. सावकाश, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा दिसलात तरच.

तिकिटांचा गोंधळ कसा सोडवायचा?

शहराचे तीन पट्टे आहेत. ए आणि बी म्हणजे बर्लिन, सी म्हणजे भोवतालचा भाग. पॉट्सडाम सी मध्ये येतं. मी पहिल्याच उन्हाळ्यात ए-बी चा पास घेऊन पॉट्सडामला निघाले आणि वाटेत साध्या कपड्यातल्या तपासनिसाने ६० युरोचा दंड केला. चूक माझी होती, पण तेव्हा पगार सुरू व्हायचा होता आणि ते ६० युरो महिनाभर डोळ्यांसमोर होते. तुमच्यावर ती वेळ नको.

रोज प्रवास असेल तर डॉइचलांड तिकीट घ्या. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो महिना आहे. देशभरातल्या लोकल, मेट्रो, बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत. सायकल सोबत असेल तर तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हे विसरू नका.

हातात पास आला की एक गोष्ट करा. वर्तुळ लोकलमध्ये बसा. एस-४१ घड्याळाच्या दिशेने जाते, एस-४२ उलट. ३७ किलोमीटरचं वर्तुळ बरोबर एका तासात पूर्ण होतं आणि तुम्ही निघालात तिथेच परत येता. नकाशावर या वर्तुळाचा आकार कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला तसंच म्हणतात. पाऊस असेल, खिसा रिकामा असेल, मन लागत नसेल, तर खिडकीची जागा पकडून हा एक तास काढावा. शहराची बेरीज-वजाबाकी डोक्यात बसते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बोट. वानझे ते क्लाडो ही एफ-१० फेरी शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहे, त्यामुळे साधं ए-बी तिकीट चालतं. वीस मिनिटं वाऱ्यात उभं राहायचं. दाभोळ-धोपावे जेटीवर वाढलेल्या माझ्यासारखीला तेवढ्याने बरं वाटतं.

पैसे न घालवता कुठे जाता येईल?

टेंपलहोफर फेल्ड. दुसरं नाव घ्यायच्या आधी हेच. हा जुना विमानतळ. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा याच धावपट्ट्यांवर धान्य आणि कोळसा उतरायचा. ऑक्टोबर २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि २०१० पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे. ३०० हेक्टरांहून मोठं मोकळं रान, तेही भर शहरात. बिल्डरांचा डोळा गेला होताच, पण २०१४ च्या सार्वमतात नागरिकांनी तिथे बांधकाम नको असा कौल दिला. आता धावपट्टीवर लहान मुलं सायकल शिकतात, लोक पतंगाच्या जोरावर चाकांच्या फळीवरून धावतात, आणि गवतात चंडोल पक्षी अंडी घालतात म्हणून काही भाग दोरी बांधून राखलेला असतो. शेगडी लावून भाजायला ठरावीक जागा आहेत. सूर्य मावळला की फाटकं बंद होतात, तेवढं लक्षात ठेवा.

माउअरपार्कमधला रविवारचा जुन्या वस्तूंचा बाजार सगळ्यांना ठाऊक असतो. गर्दी फार, पण उन्हाळ्यातल्या दुपारी तिथल्या पायऱ्यांवर होणारं कराओके एकदा बघाच. अनोळखी माणूस बेसूर गातो आणि हजारभर लोक त्याला मनापासून टाळ्या देतात.

बेर्नाउअर रस्त्यावरचं बर्लिनच्या भिंतीचं स्मारक आणि 'टोपोग्राफी डेस टेरर्स' हे नाझी दहशतीवरचं प्रदर्शन दोन्ही विनामूल्य आहेत. फिलहार्मोनी या संगीत सभागृहात सप्टेंबर ते जून या काळात बुधवारी दुपारी एक वाजता विनामूल्य मैफल होते, दारातल्या मोठ्या दालनात, लोक चक्क जमिनीवर बसतात. जुन्या लेखांमध्ये महिन्यातल्या पहिल्या रविवारी संग्रहालयं फुकट असल्याचं वाचाल. ती योजना २०२४ च्या अखेरीस संपली. सरकारी संग्रहालयांत अठराच्या आतल्यांना मात्र प्रवेश मोफत असतो. पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे, त्यामुळे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

भाजीबाजार कुठे? मंडईची फार आठवण येते.

मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर तुर्की बाजार भरतो. खरेदीसाठी म्हणून जाल आणि सहल करून याल. कोथिंबिरीची जुडी सुपरमार्केटमध्ये पाच काड्यांची मिळते, तिथे हातभर मिळते, मुळांना माती लागलेली. वांगी, भेंडी, कच्ची केळी, ओली हळद, मेथीही कधीकधी. संध्याकाळी पाच वाजून गेले की विक्रेते माल संपवायला आरोळ्या सुरू करतात, "आयन ऑइरो! आयन ऑइरो!" एका युरोला आंब्यांचं खोकं किंवा टोमॅटोची पिशवी. सूर ऐकला की शब्द न कळताही भाव कळतो. घासाघीस चालते, हसत केली तर. त्या बाजारातच माझं पहिलं जर्मन वाक्य व्याकरणाची पर्वा न करता तोंडातून निघालं.

सह्याद्री नाही, गड नाही. ट्रेकवाल्यांनी काय करायचं?

बर्लिन सपाट आहे हे आधी मान्य करू. टॉयफल्सबर्ग नावाची टेकडी १२० मीटर उंच, तीही युद्धात पडलेल्या घरांच्या राडारोड्यातून उभी राहिलेली. तिच्या शेजारी ड्राखेनबर्ग. 'ड्राखेन' म्हणजे पतंग, आणि माथ्यावर खरोखर वर्षभर पतंग उडतात. आम्ही एका संक्रांतीला तिळगूळ घेऊन तिथे गेलो होतो. बोटं गारठली, मांजा सुटेना, पण वर उभं राहिलं की सगळं शहर आणि दूरचा टीव्ही मनोरा दिसतो. सूर्यास्ताला जा.

गडाची तहान मात्र सॅक्सनीत भागते. ड्रेस्डेनच्या पुढे एल्ब नदीच्या काठी वाळूच्या दगडाचे सुळके आहेत आणि त्यांतल्या एका सपाट माथ्यावर क्योनिगश्टाइन हा किल्ला. नदीपासून २४० मीटर उंच, चारही बाजूंना ताशीव कडा, साडेनऊ हेक्टरांचा माथा, आणि वर पाण्यासाठी खोदलेली १५२.५ मीटर खोल विहीर. त्या विहिरीपाशी मी बराच वेळ उभी होते. गडावर पाणी कुठून आणायचं, हा आपल्याकडचाच प्रश्न, आणि तिथल्या माणसांनी तो दगड फोडून असा सोडवला होता. डॉइचलांड तिकिटावर प्रादेशिक गाड्यांनी जाता येतं, पण एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास धरा. पहाटेची गाडी पकडा, डबा सोबत घ्या. जवळच बास्टायचा दगडी पूल आहे, तो मात्र गर्दीचा.

एवढं लांब नको असेल तर ग्रूनवाल्डच्या जंगलात चाला. रानडुकरं दिसतात. ती सहसा अंगावर येत नाहीत, पण उघड्या डब्याला धोका असतो.

तलावात पोहायला जायचंय, पण तिथे लोक कपड्यांशिवाय असतात म्हणे. आईबाबांना घेऊन गेलो तर?

काही तलावांच्या काही भागांत असतात, आणि त्यामागे शंभरेक वर्षांची जुनी परंपरा आहे. इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. टक लावून बघणं आणि फोटो काढणं हे मात्र अत्यंत वाईट मानलं जातं. सौनामध्ये तर पोहण्याचे कपडे घालून आत जाऊच देत नाहीत, पंचा अंथरून बसायचं. जमत नसेल तर जाऊ नका, त्यात कमीपणा काही नाही.

आईबाबा सोबत असतील तर वानझे तलावाच्या काठावरचा तिकीट असलेला पोहण्याचा किनारा घ्या. किलोमीटरभर वाळू, उथळ पाणी, जीवरक्षक, स्वच्छतागृहं. पोहता येत नसेल तर जीवरक्षक नसलेल्या तलावांत कमरेच्या पुढे जाऊ नका. आपल्यातल्या फार जणांना नीट पोहता येत नाही आणि इथलं पाणी जूनमध्येही थंड असतं. पाण्यात जायचंच नसेल तर फोक्सहोखशूले, म्हणजे पालिकेची लोकशाळा, बाराही प्रभागांत आहे. भाषेपासून मातीकामापर्यंत वर्ग चालतात, शुल्क परवडणारं असतं. माझ्या ओळखीची निम्मी माणसं मला तिथल्या संध्याकाळच्या वर्गांत भेटली.

आईबाबा तीन महिने येणार आहेत. त्यांचा दिवस कसा जाईल?

पहिला आठवडा शंभर नंबरच्या दुमजली बसने काढा. प्राणिसंग्रहालयापासून आलेक्सांडरप्लाट्झपर्यंत, वरच्या मजल्यावर पुढची जागा. संसदेचा काचेचा घुमट फुकट बघता येतो, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट जवळ हवा.

त्यानंतरचं खरं अवघड असतं. तुम्ही कामावर आणि ते घरात, अशी वेळ आली की त्यांना एक रस्ता पाठ करून द्या. घर, कोपरा, बाग, तिसरा बाक. रोज तेवढंच. माझे बाबा रोज अकरा वाजता रिकाम्या बाटल्या घेऊन जायचे आणि दुकानातल्या यंत्रात घालायचे. बाटलीमागे भरलेली अनामत तिथे परत मिळते: एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला आणि पेयाच्या डब्याला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८. त्या पावतीवर पाव आणायचा. शेजारच्या आजींशी त्यांची खाणाखुणांची मैत्री त्या यंत्रापाशीच झाली. (बागेत रिकामी बाटली कचऱ्यात टाकू नका, डब्याच्या कडेला उभी ठेवा. गरजू माणसं ती गोळा करतात.)

देवळाची ओढ असेल तर ब्रिट्झमध्ये तमिळ मंडळींनी उभारलेलं मुरुगन मंदिर आहे आणि हाझेनहायडे बागेच्या कडेला गणेश मंदिर. गणपतीत मराठी घरं एकत्र जमतात. मूर्ती शाडूची आणा आणि विसर्जन घरीच बादलीत करा, तलावात करू नका.

हिवाळ्यात काय? चार वाजता अंधार होतो.

डिसेंबरात सूर्य चार वाजायच्या आधीच मावळतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत असतो, म्हणून तेव्हा साठवून ठेवा. हिवाळ्यात शनिवारी उशिरा उठू नका, हे मी कळकळीने सांगते. अकराला उठलात तर हातात पाच तासांचा उजेड उरतो. दुपारी बाराला अर्धा तास तरी बाहेर चालायचंच, ढग असले तरी.

फार जड वाटलं तर डालेमच्या वनस्पती उद्यानात जा. तिथल्या मोठ्या उष्णकटिबंधीय काचघराचं दार ढकललं की पहिल्यांदा चष्मा पांढरा होतो. काही दिसत नाही, फक्त वास येतो, ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा, शेवाळ्याचा. जुलैतलं आमचं परसदार. चष्मा पुसून वर बघावं तर छताला टेकलेला बांबू. जानेवारीत बाहेर उणे सहा असताना मी तिथे तासभर कोट काढून बसले आहे.

ख्रिसमसच्या बाजारात शाकाहाऱ्यांनाही खायला असतं. किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर देतात, आणि भाजलेले चेस्टनट. दारू नको असेल तर 'किंडरपुन्श' मागा. पेयाचा कप परत केला की अनामत परत मिळते.

जर्मन लोक घरी बोलावतच नाहीत का?

बोलावतात. तीन आठवडे आधी ठरवून, चार वाजता म्हणजे चारलाच. इथली बरीच फुरसत 'फेराइन'मध्ये जाते, म्हणजे नोंदणी झालेली मंडळं: गाण्याची, नौकानयनाची, बागकामाची. एखाद्यात नाव घाला. वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो, आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन समजतात. तुमच्याकडे वीस माणसं येणार असतील तर जिन्यात दोन दिवस आधी चिठ्ठी लावा. रात्री दहानंतर आवाज खाली.

बर्लिनमध्ये मराठी माणसाने मुद्दाम बघावी अशी एखादी जागा?

डालेममधलं इहने रस्ता, क्रमांक २२. १९२७ मध्ये इथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था उभी राहिली आणि इरावती कर्वे यांनी इथेच डॉक्टरेटसाठी काम केलं. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा समज होता, की युरोपीय कवटीची ठेवण बुद्धीचं श्रेष्ठत्व दाखवते. पंचविशीच्या आतबाहेरची पुण्याची ही मुलगी कवट्या मोजत बसली आणि मोजमापांतून तसं काही निघत नाही, असं तिने प्रबंधात लिहिलं. पुढे नाझी काळात याच संस्थेतून अमानुष कामं झाली. दाराशी त्याची आठवण देणारा फलक आहे आणि आता तिथे फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. यू-३ मेट्रोने फ्री युनिव्हर्सिटी स्थानकावर उतरा, पाच-सात मिनिटं चाला. मी कुणी नवीन मुलगी शिकायला आली की तिला तिथे घेऊन जाते.

उद्याच रविवार आहे. नेमकं काय करू?

आज रात्री दोन पोळ्या जास्त लाटा. सकाळी नऊला निघा, एस-१ पकडा, श्लाख्टनझेला उतरा, पायऱ्या उतरून पाण्याशी या आणि डावीकडे वळा. मोबाइल पिशवीत. अर्ध्या फेरीनंतर पाण्यात वाकलेलं एखादं झाड बघून तिथे भाजी-पोळी खा. कुणी "हालो" म्हणालं तर उलटं "हालो" म्हणा. पुढच्या रविवारी त्याच वेळी परत या.